मिग नको, हरिकेन उडवा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः एका विमानात होते. परतलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे उडाले, आणि १९६३ मध्ये ज्या चंदीगडला या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली, तिथेच त्यांची नोकरी संपली. तेव्हापासून विमानवेड्या मंडळींच्या गप्पांत एक मागणी घोळते आहे: एक तरी मिग उडतं ठेवा. प्रजासत्ताक दिनाला, हवाई दल दिनाला एक घिरटी, बाकी काही नको. महाराष्ट्रात या मागणीला जरा जास्तच ओलावा आहे. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला तो मुळात मिगसाठी. त्या भागातल्या दोन पिढ्या तो आवाज ऐकत मोठ्या झाल्या.

मागणी मनाला भिडते. तरी मी तिच्या विरोधात आहे. याचा अर्थ जुनी लढाऊ विमानं उडवूच नयेत असा नाही. उलट, भारताने एक जुनं लढाऊ विमान उडतं करावं, ते इथल्या कारागिरांच्या हातून करावं आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा, असं माझं म्हणणं आहे. फक्त ते विमान मिग नसावं.

मुळात ही विमानं उडवायची तरी कशाला? संग्रहालयात ठेवली, दोरी लावली, पाटी लावली, की भागत नाही का? याचं उत्तर द्यायला बनारसहून सुरुवात करावी लागेल.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हॉकर हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, अनेक वर्षं उघड्यावर पडून होतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विमानाची रचना शिकवायला म्हणून १९४७ मध्ये ते तिकडे गेलं होतं. पुढे जेट आली, अभ्यासक्रम बदलला, आणि विमानाभोवती झाडोरा वाढला. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात फिरणाऱ्या पीटर वॅचर या इंग्रज गृहस्थाच्या ते नजरेस पडलं. नंबर होता आर ४११८. मागाहून कागदपत्रं धुंडाळली तेव्हा कळलं की हे साधंसुधं शिकाऊ विमान नाही. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे ब्रिटनवरचे जर्मन हवाई हल्ले परतवणाऱ्या लढाईत, ६०५ स्क्वाड्रनकडून, लंडनजवळच्या क्रॉयडन तळावरून त्याने ४९ लढाऊ उड्डाणं केली होती. १९४३ च्या अखेरीस ते जहाजाने भारतात आलं. वॅचर यांनी विद्यापीठाशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि २००१ मध्ये विमान इंग्लंडला नेलं. २३ डिसेंबर २००४ रोजी ते पुन्हा हवेत गेलं. १९४० मध्ये ते उडवलेले बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते, त्यांनी ते पुन्हा पाहिलं.

गोष्ट इथवर सांगितली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘आपलं विमान गोऱ्यांनी नेलं.’ दुसरी, ‘नेलं ते बरं झालं, आपण काय केलं असतं?’ दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही उथळ आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते २००१ ते २००४ या काळात सफोकमधल्या एका कार्यशाळेत जे घडलं ते.

हरिकेन हे अर्धं लाकडाचं आणि कापडाचं विमान आहे. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा. नळ्यांची टोकं दाबून चौकोनी केलेली, म्हणजे सांध्यावर पट्ट्या सपाट बसतात आणि वेल्डिंगऐवजी बोल्ट लावता येतात. सांगाड्यावर लाकडी कडी आणि पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड, कापडावर डोप या लेपाचे हात. डोप वाळताना कापड आवळतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं तणतं. इतपत काम जुना मिस्त्री आणि चांगला सुतार मिळून समजून घेतील. खरी मेख आहे ती पंखांच्या मधल्या भागाच्या आडव्या कण्यात. जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाची पातळ पट्टी रूळांतून काढत काढत तिची बारा कोनांची नळी करायची, एका नळीत दुसरी बसवायची, आणि अशा वरच्या-खालच्या नळ्या मधल्या पत्र्याने जोडायच्या. १९३०च्या दशकात हे काम करणाऱ्या यंत्रांचे रूळ केव्हाच मोडीत गेले होते. सफोकच्या लोकांना विमान दुरुस्त करण्याआधी ते रूळ नव्याने घडवावे लागले. धातू कुठे फाटतो, किती वाकवला की उसळून परत येतो, हे पुन्हा हाताने शिकावं लागलं.

विमान उडवायचं नसतं तर यातलं काहीही करण्याची गरज नव्हती. प्रदर्शनात ठेवायच्या विमानाचा कणा गंजलेला असला तरी वरून रंग दिला की झालं. उडवायचं ठरलं की मात्र प्रत्येक सांध्याला जाब द्यावा लागतो. पंख धरून ठेवणारा तो कणा खोटा चालत नाही. म्हणून उडतं विमान टिकवणं म्हणजे ते बनवण्याचं हुन्नर टिकवणं. संग्रहालय वस्तू जपतं, हुन्नर जपत नाही.

वैमानिकाचंही तसंच. हरिकेनमध्ये चाकं आणि फ्लॅप यांची मूठ उजव्या बाजूला असते. म्हणजे जमीन सुटल्या सुटल्या डावा हात थ्रॉटलवरून काढून विमान वळवण्याच्या दांड्यावर घ्यायचा आणि उजव्या हाताने चाकं उचलायची. तेही अशा क्षणी, जेव्हा विमान सर्वांत कमी उंचीवर असतं. हरिकेनच्याच काळातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाला जमिनीवर फार वेळ रेंगाळून चालत नाही. रेडिएटर पंखाखाली, त्यात हवा जायला चाकाच्या दांडीचा अडसर, आणि इंजिनाचं पाणी काही मिनिटांत उकळीला येतं. नाक इतकं लांब आणि उंच की समोरचं दिसतच नाही, नागमोडी चालवत न्यावं लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. पण पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलेलं मी ऐकलेलं नाही.

आता जुनी विमानं उडवूच नयेत म्हणणाऱ्यांची बाजू. त्यांचा पहिला मुद्दा भक्कम आहे: उडवायचं म्हणून इतके भाग बदलता की मूळ विमान उरतंच किती? हा टोमणा खोटा नाही. १९४० च्या मे महिन्यात पडलेलं स्पिटफायर एन ३२००, फ्रान्सच्या किनाऱ्यावर सांगात गावाच्या वाळूतून १९८६ मध्ये वर काढलं तेव्हा ते विमान कसलं, भंगाराचा ढीग होता. आज ते डक्सफर्डला इम्पीरियल वॉर म्युझियमच्या मालकीचं आहे आणि दिमाखात उडतं. त्यातला बहुतेक पत्रा नवा आहे. त्याच काळातलं, कॅलेच्या किनाऱ्यावर सापडलेलं पी ९३७४ हेही असंच उभं केलेलं. २०१५ मध्ये लिलावात त्याला ३१ लाख पौंड आले. जुन्या नंबराची पट्टी आणि थोडाफार मूळ सांगाडा, बाकी सगळं नवं, आणि किंमत मात्र जुन्याची! यात व्यापार आहे, हे मान्य करायला हवं.

पण ‘मूळ’ म्हणजे काय, याबद्दल आपण भारतीयांनी तरी इतकं बिचकू नये. पुरीला नवकलेवराच्या वेळी जगन्नाथाची मूर्ती नव्या लाकडाची होते, जुनीला समाधी दिली जाते आणि आतला ब्रह्मपदार्थ तेवढा जुन्यातून नव्यात जातो. देव बदलला असं कोणी म्हणत नाही. जुन्या विमानाच्या बाबतीत ती नंबराची पट्टी म्हणजे ब्रह्मपदार्थ. अट एकच, की काय जुनं आणि काय नवं हे लपवू नये. पट्टी मूळ, पत्रा नवा, असं सरळ सांगितलं तर फसवणूक कसली?

दुसरा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, आणि इथे उडवणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे. शेवटचं विमान उडवू नये. कोणी कितीही पैसे देवो, कितीही कुशल वैमानिक असो.

जर्मन मेसरश्मिट १०९ चं उदाहरण घ्या. १९४२ मध्ये लिबियात ऑस्ट्रेलियन तुकडीच्या हाती एक विमान लागलं, त्याचं नाव पडलं ब्लॅक सिक्स. १९७२ पासून एक छोटा गट सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करत त्यावर खपला. १९ वर्षांनी, मार्च १९९१ मध्ये, ते उडालं. मूळ जर्मन इंजिनासह उडणारं, खऱ्या लढाईतून आलेलं असं विमान तेव्हा दुसरं नव्हतं. ठरलं होतं की काही वर्षं उडवायचं आणि मग संग्रहालयात कायमचं ठेवायचं. १२ ऑक्टोबर १९९७ ला डक्सफर्डला त्याचं शेवटचं जाहीर प्रदर्शन होतं. इंजिनाने दगा दिला, विमान शेतात उतरून पालथं झालं. वैमानिक वाचले. विमान पुन्हा जुळवलं, पण ते आता फक्त बघण्यापुरतं. त्याच्या आदल्याच वर्षी, २१ जुलै १९९६ ला, तेव्हा जगात उडणारं एकमेव मॉस्किटो हे ब्रिटिश लढाऊ विमान मँचेस्टरजवळ बार्टनला कोसळलं आणि आतले दोघेही गेले. पुढे न्यूझीलंडमध्ये नव्या साच्यांवर लाकडी मॉस्किटो घडवून २०१२ मध्ये उडवलं गेलं, हे खरं. म्हणजे हुन्नर असलं तर नवं करता येतं. पण मग जुनं, एकुलतं एक, पणाला लावायची गरज काय होती?

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिती आहे. १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन निघाली, ती याच जातीच्या दुपंखी विमानांवर. जगात वापिती एवढंच उरलंय असं मानलं जातं. ते उद्या कोणी उडवायला मागितलं तर दारातूनच परत पाठवावं.

तिसरा मुद्दा खालच्या माणसांचा. वैमानिकाचं मी समजू शकतो. २५ मे २०२४ ला ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती-तुकडीतलं स्पिटफायर कॉनिंग्सबीजवळ पडलं आणि स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग गेले. सरकारी देखभाल, अनुभवी हात, तरीही. जोखीम त्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती पत्करली होती. २०२२ च्या नोव्हेंबरात डॅलसला बी-१७ बॉम्बर आणि किंगकोब्रा लढाऊ विमान यांची हवेत टक्कर होऊन सहा जण गेले, तेही विमानातलेच. २०१९ मध्ये कनेक्टिकटमध्ये बी-१७ पडलं तेव्हा मात्र मेलेल्या सातांपैकी पाच जण तिकीट काढून बसलेले प्रवासी होते, आणि तपासात इंजिनांची देखभालच अपुरी निघाली. आणि शोरहॅम? २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट कसरत करताना कमी उंचीवरून गोल घेऊ लागलं, ते पुरं झालंच नाही आणि ते सरळ महामार्गावर आदळलं. ११ माणसं मेली. कोणी गाडीने चाललं होतं, कोणी रस्त्याकडेला उभं होतं. त्यांना कोणीही विचारलं नव्हतं. वैमानिक वाचला. यानंतर ब्रिटनने समुद्राऐवजी जमिनीच्या वर होणाऱ्या जुन्या जेटच्या कसरतींवर बंधनं घातली, ती योग्यच.

हंटर आपल्यालाही परकं नाही. १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जैसलमेरहून उडालेल्या हंटरनीच. पण पराक्रमाचा इतिहास असला म्हणून जुनं जेट वस्तीवरून उडवायला सुरक्षित होत नाही.

आता मिगकडे. २०१२ मध्ये संसदेत सरकारने दिलेला आकडा असा: १९७१ पासून मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात, १७१ वैमानिक मृत, आणि जमिनीवरचे ३९ नागरिक. हे विमान सेवेत असताना, त्यामागे अख्खं हवाई दल, ओझरचा कारखाना आणि सुट्या भागांची साखळी उभी असतानाचे आकडे आहेत. मिगचा पंख छोटा, उतरण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. इंजिन एकच. ते बंद पडलं तर हरिकेनसारखं एखाद्या शेतात टेकवता येत नाही, खुर्चीसकट बाहेर पडावं लागतं. त्या खुर्चीतल्या स्फोटक काडतुसांना मुदत असते, ती दर काही वर्षांनी नवी लागतात. इंजिनाच्या तासांनाही मर्यादा असते. एका विमानासाठी ही सगळी साखळी कोण चालू ठेवणार? ब्रिटनने व्हल्कन बॉम्बरवर हे करून पाहिलं. लोकवर्गणी आणि लॉटरी निधीतून २००७ मध्ये ते पुन्हा उडवलं, लाखो लोकांनी पाहिलं, आणि २०१५ मध्ये मूळ कंपन्यांनी तांत्रिक पाठबळ काढून घेताच ते जमिनीवर आलं. विमान धड होतं. त्याची जबाबदारी घ्यायला तयार असलेला माणूस उरला नव्हता.

मिगसाठी मधला मार्ग आहे, आणि तो फारसा महागडाही नाही. इंजिन चालू होईल, धावपट्टीवर धावेल, शेपटीतून ज्वाळा निघेल, ब्रेक-पॅराशूट उघडेल, पण चाकं जमीन सोडणार नाहीत अशा अवस्थेत एक मिग ओझरलाच ठेवावं. इंग्लंडमध्ये वेल्सबर्नला एक व्हल्कन असंच धावलेलं आहे आणि लोकांनी ते पाहायला गर्दी केली. ज्यांच्या हातांनी ही विमानं जुळवली, असे कामगार अजून नाशिकमध्ये आहेत. त्यांच्यासमोर दहा-पंधरा तरुण बसवायला हवेत, तेही लवकर. गावोगावच्या चौकांत, बागांत सिमेंटच्या खांबावर चढवलेली विमानं ही आपली नेहमीची पद्धत. ती विमानं कावळे आणि पाऊस यांच्या हवाली झालेली असतात. निवडणुकीच्या आधी रंग मिळतो.

मग उडवायचं कोणतं? हरिकेन. किंवा स्पिटफायर. कमी वेग, पंख मोठा, धावपट्टीच्या हद्दीतच फेरी मारता येते, आणि भाग बनवणारे कारागीर आज जगात आहेत. हरिकेन १४ हजारांहून अधिक बनली, त्यामुळे एकुलतं एक पणाला लावण्याचाही प्रश्न नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय स्क्वाड्रन मोठ्या प्रमाणात याच विमानावर लढल्या. १९४४ मध्ये इम्फाळला अर्जन सिंग यांनी डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवलं तेही हरिकेनच्या तुकडीचं नेतृत्व करताना. स्पिटफायर आणि टेम्पेस्ट १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत होती. त्या मोहिमेत महावीर चक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर पुढे हवाई दलप्रमुख झाले. ही विमानं इंग्रजांची होती हे खरं, पण त्यात बसलेले आपले होते.

आपल्याला हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लिबरेटर बॉम्बर कानपूरला सोडून दिले होते, तेही मुद्दाम मोडतोड करून, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या (आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) लोकांनी ते ढिगारे जुळवले, कसेबसे उडवत बंगळूरला नेले, आणि चाळीसेक विमानं हवाई दलाला दिली. पुण्याच्या लोहगावलाही ती बरीच वर्षं होती. १९६८ पर्यंत ती उडाली. आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये जो लिबरेटर उभा आहे, तो इथूनच गेलेला. जुनं विमान जमवून उडवण्याचा हा उद्योग आपण गरजेपोटी केला होता, जगात त्याची हौस निर्माण होण्याच्याही आधी. पुढे १९८०च्या दशकात हवाई दलाने पालमचं एक स्पिटफायरही उडतं केलं होतं.

आणि तरीही १९७०च्या दशकाच्या शेवटी आपल्या कोठारांतली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट हेडन-बेली या विमानसंग्राहक बंधूंमार्फत परदेशी गेली. कायद्याने अडवता आलं असतं का? नाही, आणि आजही येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला वस्तू शंभर वर्षांची लागते. १९४० चं विमान २०४० पर्यंत त्यात बसतच नाही, तोवर ते नुसतं भंगार. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांवरच्या वस्तूला निर्यात परवान्याचा नियम लागू होऊ शकतो. यंत्रांसाठी, निदान लष्करी यंत्रांसाठी, आपणही वयाची ही अट निम्म्यावर आणायला हवी. मंदिरातल्या मूर्तीला शंभर वर्षं थांबता येतं, ॲल्युमिनियमला नाही.

हवाई दलाच्या विंटेज तुकडीत सध्या टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा आहेत. डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलं; मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती भेट स्वीकारायचं ठरलं आणि २०१८ मध्ये ते इंग्लंडहून स्वतःच्या इंजिनांवर उडत जामनगरला उतरलं. काश्मीरला पहिले जवान नेणाऱ्या विमानाचा नंबर, व्हीपी ९०५, त्यावर रंगवला आहे. उत्तम झालं. पण त्याची दुरुस्ती झाली कॉव्हेंट्रीला. विमान आलं, हुन्नर तिथेच राहिलं. आणि तिन्हींत लढाऊ विमान एकही नाही.

पैशाचं म्हणाल, तर एखादं चांगलं स्पिटफायर तीस-चाळीस कोटींच्या घरात जातं. एका साध्या उड्डाणपुलाला याहून जास्त लागतात. श्रीमंतांची हौस म्हणून हे बाजूला सारता येईल, पण हौशी श्रीमंतांवर सोडलं की काय होतं ते वर दिसलंच: विमान त्यांच्या मर्जीने येतं आणि त्यांच्या मर्जीने लिलावात जातं. म्हणून मालकी हवाई दलाची, काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि दोन-तीन आयटीआयचं, आणि पहिली दोन वर्षं सफोकसारख्या ठिकाणचे कारागीर इथे येऊन शिकवणारे, अशी व्यवस्था असावी. तिकीट लावून प्रवासी बसवू नयेत. कसरती नकोत. धावपट्टीच्या हद्दीबाहेर, वस्तीवरून उडणं नको.

यानंतर पाळी जॅग्वारची आहे. जगात ते विमान वापरणारं आपलं एकच हवाई दल उरलं आहे. ब्रिटन, फ्रान्स, ओमान सगळ्यांनी ते केव्हाच उतरवलं. म्हणजे त्याची अवजारं, जिग (भाग अचूक जुळवायचे साचे), नकाशे आणि ते जुळवणारे हात उद्या फक्त भारतात असतील. कोणती दोन विमानं राखायची, कोणत्या जिग भंगारात द्यायच्या नाहीत, कोणत्या फोरमनला निवृत्तीनंतर बोलवायचं, याची यादी स्क्वाड्रन बंद होण्याच्या निदान पाच वर्षं आधी तयार हवी. मिगच्या वेळी अशी यादी झाली असेल, तर ती अजून कोणी लोकांसमोर ठेवलेली नाही.